सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून हक्क गेला नाही

प्रश्न: राजापूर तालुक्यात आजोबांची कलमबाग, भातखाचरं आणि घर आहे. आजी आधीच गेलेली. आजोबा 1978 साली वारले. मागे थोरले काका, माझे वडील आणि आत्या. सातबाऱ्यावर एकट्या काकांचं नाव लागलं. वडील 2011 मध्ये गेले. आई, भाऊ आणि मी डोंबिवलीत असतो. आता काका वारल्यावर चुलतभावाने वारसनोंदीला फक्त स्वतःचं नाव दिलंय. ‘तुमचं नाव आहे कुठे?’ असं विचारतो, बागेला गिऱ्हाईक आणतो. आमचा हक्क उरला का?

उत्तर: ताई, हक्क शाबूत आहे. सातबारा महसूल वसुलीसाठीचा कागद आहे. त्याने मालकी निर्माण होत नाही आणि बुडतही नाही.

पहिलं काम फेरफाराचं, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलल्याच्या नोंदीचं. उताऱ्यावर काकांच्या नावाशेजारी जो आकडा आहे, तो फेरफार क्रमांक. तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्या फेरफाराची आणि 1978 च्या आधीपासूनच्या हस्तलिखित सातबाऱ्यांची प्रमाणित नक्कल घ्या. काकांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेलं आहे का, हे नीट बघा. एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे नाव सगळ्यांच्या वतीने लागलं. नव्या उताऱ्यात ही अक्षरं गळलेली असू शकतात, म्हणून जुनाच कागद हवा. ती नसतील तर फेरफारातली वारसांची नावं वाचा. त्या काळी बहिणींना सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकायची रीत होती. आत्याचं नाव तिथे सापडू शकतं.

मृत्युपत्र किंवा आधीचं वाटप नसेल आणि आत्या 9 सप्टेंबर 2005 रोजी (मुलींना मुलांइतका हक्क देणारी कायद्यातली दुरुस्ती लागू झाली तो दिवस) हयात असेल, तर जमीन वडिलोपार्जित असो वा आजोबांची स्वकष्टार्जित, तिन्ही भावंडांचा प्रत्येकी एक-तृतीयांश हिस्सा येतो. वडिलांच्या हिश्श्यात आई, भाऊ आणि तुम्ही समान, म्हणजे प्रत्येकी एक-नवमांश. लग्नाने यात काही फरक पडत नाही.

‘इतकी वर्षं आम्हीच कसतोय’ हा युक्तिवाद एवढ्यावर टिकत नाही. एका हिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांचा ताबा मानतात. पण चुलतभावाने तुमचा हक्क उघड नाकारला की तुम्हाला ते कळल्यापासून 12 वर्षांची मुदत धावू लागते. ‘नाव आहे कुठे’ हे त्याने मेसेजवर लिहिलं असेल तर तारखेसकट जपून ठेवा. नात्याच्या भिडेपोटी आता स्वस्थ बसू नका.

वारसनोंद अजून प्रमाणित झाली नसेल तर तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नोटिशीपासून 15 दिवस असतात. हरकत आली की नोंद तक्रारी, म्हणजे वादातली, ठरते आणि सुनावणी लागते; तोंडी सांगितलेलं कुणी धरत नाही. नोंद मंजूर झालेली असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील.

विक्रीचं भय थोडं बाजूला ठेवा. चुलतभाऊ स्वतःचा अविभक्त हिस्सा विकू शकतो, तुमचा नाही. घेणाऱ्याला अमुक कलमं, अमुक खाचर असं काही मिळत नाही. त्याला वाटपच मागावं लागतं. राहत्या घराचा हिस्सा घेतलेल्या परक्याला तर घरात तुमच्यासोबत ताबा मागता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 ते सांगतं. तरीही गिऱ्हाईक कळलं तर वकिलामार्फत त्याला नोटीस पाठवाच.

शेवटचा इलाज वाटपाचा. सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली अर्ज. मालकीचाच वाद निघाला की ते थांबतात, मग दिवाणी दावा. दाव्यात दोन चुका फार होतात: आत्याला किंवा तिच्या मुलांना पक्षकार न करणं, आणि एखादा गट किंवा हिस्सा नंबर राहून जाणं. गावातल्या सगळ्या खात्यांचे आठ-अ, म्हणजे खात्यावरच्या सगळ्या जमिनी एकत्र दाखवणारे उतारे, आधी काढा. विक्रीला मनाई आणि आंब्याच्या उत्पन्नाचा हिशेब त्याच दाव्यात मागा.

दरम्यान ‘वारसनोंदीसाठी फक्त सही’ म्हणून कागद आला तर पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. आईलाही हे आजच सांगा. हक्कसोडपत्र तिच्याकडूनच आधी मागितलं जाईल.