प्रोग्रेसिव्ह उमेदवाराला प्रायमरीत मत दिलं तर ते वाया जातं का?

प्रश्न विचारणारे म्हणतायत की ते नुकतेच सिटिझन झालेत, न्यू जर्सीत असतात, पुढच्या प्रेसिडेन्शियल प्रायमरीत (पार्टीचा उमेदवार ठरवायची निवडणूक) त्यांना डावीकडचा, म्हणजे सगळ्यांना सरकारी आरोग्यविमा वगैरे बोलणारा उमेदवार असेल तर त्यालाच मत द्यायचंय, पण मित्रमंडळी सांगतात असला माणूस कधी जिंकत नाही, मत वाया जाईल. तर खरंच काही चान्स असतो का?

चान्स कमी असतो. झालं उत्तर. पण तो ‘वाया’ शब्द वाचून माझी सहा वर्षांची जुनी खपली निघाली, म्हणून पुढचं लिहितेय. वेळ असेल त्यांनी वाचा.

आम्ही आयोवात राहतो, डे मॉइनच्या पश्चिमेला. इथं अर्धं गाव इन्शुरन्स कंपन्यांत नोकरीला आहे, आपले मराठी लोकही, बहुतेक आयटीमधून आलेले. त्यातच आमचा दादा. सख्खा नाही, पण इथं आलो तेव्हा पहिल्या बर्फात गाडी अडकली ती काढायला आलेला माणूस, तेव्हापासून दादाच. दादाला राजकारणातलं सगळं कळतं असं दादाचं मत आहे.

२०१७ मध्ये माझ्या नवऱ्याचा जॉब गेला. इन्शुरन्स त्याच्याच ऑफिसचा होता, मग कोब्रा घ्यावा लागला, म्हणजे विमा तोच, फक्त कंपनी भरत होती तो वाटा पण आपण भरायचा. महिन्याला सतराशे डॉलर, तेही घरात एकच पगार असताना. आणि त्याच डिसेंबरात मुलगी ड्राइव्हवेवर बर्फावरून घसरली, मनगट मोडलं. इमर्जन्सीत नेताना गाडीत मी मुलीचा हात बघत नव्हते, डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) किती उरलंय त्याचा हिशोब करत होते. ह्याची मला अजून लाज वाटते. तेव्हापासून मी बर्नी सँडर्सवाली, म्हणजे सगळ्यांना सरकारी विमा द्या म्हणणाऱ्या व्हरमाँटच्या सेनेटरच्या बाजूची. त्याआधी २०१६ ला मी हिलरीवाली होते, ते पण सांगून टाकते.

आता २०२०. आमच्याकडे प्रायमरीऐवजी कॉकस, म्हणजे सगळ्यांनी एका जागी जमायचं आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहायचं. ते ३ फेब्रुवारीला, सोमवारी. त्याआधीच्या शनिवारी रथसप्तमी होती, म्हणजे हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस, ते आमच्याकडे होतं. बायका वाण घेऊन निघायच्या ऐवजी बसल्याच, पुरुष बेसमेंटमधून वर आले आणि सगळे टीव्हीसमोर, कारण त्या रात्री डे मॉइन रजिस्टरचा शेवटचा पोल येणार होता. आयोवात त्या पोलला काय मान होता ते बाहेरच्याला नाही कळायचं. आणि तो आलाच नाही! कुठल्यातरी फोन कॉलमध्ये पीट बुटिजेज ह्या उमेदवाराचं नाव यादीतून गळलं अशी तक्रार झाली आणि त्यांनी सगळा पोलच रद्द केला. मग काय, आकडे नाहीत म्हटल्यावर दादाला रान मोकळं.

दादाचं म्हणणं, बर्नी माणूस सच्चा, बोलतो ते खरं, पण अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, ऑक्टोबरात हार्ट अटॅक येऊन गेला, स्वतःला सोशलिस्ट म्हणवतो, ट्रम्प त्याला कच्चा खाईल. “आपल्याला आवडतो म्हणून मत द्यायचं नसतं गं, निवडून येईल त्याला द्यायचं. बायडन.” मी म्हटलं, दादा, तुझी नोकरी इन्शुरन्समध्ये आहे म्हणून बोलतोयस. ह्यावर तो चिडला. म्हणाला, “तुझ्या वडलांनी जन्मभर लाल बावट्याला मत दिलं, काय मिळालं?”

हे मला लागलं. माझं माहेर सांगोला तालुक्यातलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सांगोल्यातून शेकापचे गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले. अकरा. राज्यात शेकाप संपला संपला म्हणत लोक म्हातारे झाले आणि आबासाहेब एसटीने फिरत निवडून येत राहिले. मी हे सुनावलं. दादा शांतपणे तिळगुळाची वडी तोंडात टाकत म्हणाला, “आमदार झाले. मुख्यमंत्री झाले का?”

ह्यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण नाहीये. बर्नीचं पण तेच, १९८१ मध्ये बर्लिंग्टनचा मेयर झाला तो फक्त १० मतांनी, मग हाऊस, मग सेनेट, व्हरमाँटमध्ये लोक डोक्यावर घेतात, पण व्हरमाँट म्हणजे छोटंसं राज्य, सांगोलाच की हो.

रविवारी सुपर बोल होता, नवरा त्यात, आणि मी दिवसभर स्वयंपाकघरात विचार करत होते की दादा म्हणतो त्यात तथ्य असेल तर? ट्रम्प पुन्हा आला तर? माझ्या एका हट्टापायी? असं करत करत सोमवारी संध्याकाळी सातच्या आत शाळेच्या जिममध्ये पोचले आणि, आता हसा, मी बायडनच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. दादाच्या शेजारी. दादाने पाठीवर थाप मारली. समोर बास्केटबॉलच्या रिंगखाली बर्नीची पोरं होती, कॉलेजातली, नर्सिंगच्या युनिफॉर्ममधल्या दोघी, आमच्या ग्रोसरीत काउंटरला असतो तो मुलगा, आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते, लग्नात जुनं स्थळ समोर आल्यासारखं.

डेमोक्रॅटांच्या कॉकसमध्ये तेव्हा गुप्त मतदान नसायचं. मोजणी झाली. आमच्या प्रिसिंक्टला, म्हणजे वॉर्डाला, ४१२ माणसं, गट टिकायला १५ टक्के पाहिजेत, म्हणजे ६२ डोकी. बायडनच्या कोपऱ्यात आम्ही ५८.

चार कमी! निवडून येणारा माणूस, माजी उपराष्ट्राध्यक्ष, आणि आमच्या जिममध्ये चार माणसांनी बाद. बर्नीकडे ६६, ते पास. मी पुन्हा पुन्हा मोजलं, आमचा कॅप्टन म्हातारा भला माणूस होता, तो अँड्र्यू यँग नावाच्या उमेदवाराच्या पोरांना आणायला गेला, ती आधीच एलिझाबेथ वॉरन ह्या दुसऱ्या उमेदवाराकडे निघालेली. मग नियम असा की ज्याचा गट बाद झाला त्याने दुसऱ्या गटात जायचं किंवा घरी जायचं. हातात कार्ड असायचं, एका बाजूला पहिली पसंती लिहिलेली, दुसऱ्या बाजूला दुसरी लिहायची. पीटवाले कुकीज घेऊन आले, एमी क्लोबुशार ह्या आणखी एका उमेदवाराची एक बाई तर माझा हात धरून ओढायला लागली. मी जिम ओलांडून रिंगखाली गेले. फार तर तीस पावलं. ग्रोसरीवाला मुलगा म्हणाला, वेलकम, आणि मला का कोण जाणे रडू आलं.

दादा? दादाने कोट घातला आणि घरी गेला. “उद्या ऑफिस आहे.” कार्डाची दुसरी बाजू कोरी.

त्या रात्री निकालच लागला नाही हे जगाला माहीत आहे, निकाल कळवायचं ते ॲप बंद पडलं, फोन लागेनात, पीटने निकालाआधीच विजयाचं भाषण ठोकलं, आणि तीन दिवसांनी सगळे आकडे आले तेव्हा मतं बर्नीची जास्त, पहिल्या फेरीत आणि दुसऱ्या फेरीतही, पण त्यांच्या त्या गुंतागुंतीच्या हिशोबात डेलिगेट (पार्टीच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) पीटला १४ आणि बर्नीला १२. बायडन चौथा. त्या पहिल्या फेरीच्या आकड्यात बायडनच्या १५ टक्क्यांत मी कायमची नोंदलेली आहे, हे एक शल्य आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे. त्या दिवशी आयोवात कॉकसला येणाऱ्यांना पोलवाल्यांनी दारातच विचारलं. दहापैकी साधारण सहा जण म्हणाले, खाजगी विमा जाऊन सगळ्यांना सरकारी विमा आला तर आम्हाला चालेल. आणि दहापैकी साधारण सहाच जण म्हणाले की मुद्दे पटण्यापेक्षा ट्रम्पला हरवू शकेल असा उमेदवार महत्त्वाचा. ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवा. लोकांना योजना नको होती असं नाहीये. शेजाऱ्याला ती नको असेल असं प्रत्येकाला वाटत होतं. मी शेजारी म्हणजे दादा धरला, दादाने ओहायोतला कुणी ट्रकवाला धरला, त्या ट्रकवाल्याला कुणी विचारलं होतं?

पण मग साऊथ कॅरोलायना. आधी न्यू हॅम्पशायर बर्नीने थोडक्यात जिंकलं, नेवाडा तर दणक्यात, त्या आठवड्यात मी दादाला रोज मेसेज टाकत होते, आणि २९ फेब्रुवारीला तिथं बायडनला जवळपास ४९ टक्के, बर्नीला २० च्या आत. तीन दिवस आधी जिम क्लायबर्न, तिथले वजनदार काळे खासदार, यांनी बायडनच्या पाठीशी उभं राहायचं जाहीर केलं होतं. लगेच पीट बाहेर, क्लोबुशार बाहेर, दोघांचाही बायडनला पाठिंबा, आणि ३ मार्चच्या सुपर ट्युसडेला, म्हणजे एकदम बऱ्याच राज्यांत मतदान होतं त्या दिवशी, बायडनने दहा राज्यं मारली. मिनेसोटा, जे २०१६ ला बर्नीचं होतं, ते गेलं. वॉरनबाईंचं मॅसॅच्युसेट्स पण बायडनने नेलं. पुढच्या आठवड्यात मिशिगनमध्ये तर एकूण एक काउंटी. ८ एप्रिलला बर्नी थांबला.

लोक म्हणतात पार्टीने डाव केला. मला तसं नाही वाटत, म्हणजे थोडं वाटतं, पण मुख्य गोष्ट गणिताची आहे आणि ती कुणी नीट सांगत नाही. डेमोक्रॅट लोकांकडे डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटतात, १५ टक्क्यांच्या वर असलात तर. रिपब्लिकनांकडे बऱ्याच राज्यांत पहिला येईल तो सगळे किंवा बरेचसे नेतो. २०१६ मध्ये ट्रम्पने साऊथ कॅरोलायनात साडेबत्तीस टक्क्यांवर ५० च्या ५० डेलिगेट उचलले. म्हणजे तिकडे एक तृतीयांश कट्टर माणसं आणि समोर फाटाफूट, एवढ्यावर उमेदवारी मिळते. डेमोक्रॅट प्रोग्रेसिव्हला ते नाही जमत. त्याला निम्म्याच्या आसपास पोचावंच लागतं, आणि बर्नीची हक्काची माणसं पाव ते तिसरा हिस्सा. तो म्हणायचा नवीन मतदार येतील, पोरं येतील. आमच्या आयोवात एकूण आले साधारण १ लाख ७६ हजार, २०१६ पेक्षा किंचित जास्त, पण ओबामाच्या २००८ ला २ लाख ४० हजारांच्या आसपास होते. म्हणावी तेवढी पोरं आली नाहीत. ह्यात पार्टीचा काय दोष? आणि पासष्टीच्या पुढचे, त्यात दक्षिणेतले काळे मतदार, ते दादासारखे गोंधळलेले नव्हते, त्यांना बायडन माहीत होता, विश्वास होता, त्यांनी विचार करूनच मत दिलं. हे मी तेव्हा मान्य करत नव्हते.

तर पुढच्या वेळी कुणी प्रोग्रेसिव्ह जिंकायचा असेल तर तो पन्नाशीच्या पुढच्या बायकांना पटायला हवा, ट्विटरवरच्या पोरांना नाही. चर्चमध्ये जाऊन बसायला हवं, तेही निवडणुकीच्या चार वर्षं आधी.

तुमच्यासाठी कामाचं: न्यू जर्सीत प्रायमरी जूनमध्ये असते (२०२० ला कोविडमुळे ७ जुलैला गेली होती), तोवर बहुतेक वेळा निकाल लागलेला असतो, त्यामुळे तुमच्या मताने कुणाची उमेदवारी बुडणार नाहीये, बिनधास्त द्या ज्याला द्यायचं त्याला. मतदार म्हणून तुमचं रजिस्ट्रेशन कुठल्या पार्टीचं आहे ते मात्र आधी बघा. कुठलीच नसेल तर त्या दिवशी तिथं सांगून मतदान करता येतं, दुसऱ्या पार्टीचं असेल तर बरंच आधी बदलावं लागतं. आणि नोव्हेंबरात, मुख्य निवडणुकीत, जो उरेल त्याला गुपचूप द्या, मी पण बायडनला दिलं, खळखळ न करता.

हे पण सांगायला हवं की आमचा अनुभव कॉकसचा, तुमची साधी गुप्त प्रायमरी, तिथं शेजारी दादा उभा नसतो. आणि आयोवा बहुतांश गोरं राज्य, इथल्यावरून देश ओळखू नये, म्हणूनच तर डेमोक्रॅट पार्टीने आमचा पहिला नंबर काढून घेतला, २०२४ ला पोस्टाने कार्डं पाठवली, जिममधली ती गंमत गेली. आणि २०२५ मध्ये न्यूयॉर्कला ममदानी, तोही असाच डावीकडचा, मेयर म्हणून निवडून आलाच की, त्यालाही सगळे नाहीच म्हणत होते. पण ते पुन्हा शहर झालं. आमदार आणि मुख्यमंत्री.

दादा अजून दर संक्रांतीला म्हणतो, “शेवटी माझाच माणूस आला ना?” आला रे बाबा. पण त्या रात्री जिममध्ये ५८ माणसं बाद झाली, त्यातली बरीचशी कुठे ना कुठे जाऊन मोजली गेली, आणि ज्याने मला मत वाया घालवू नको म्हणून दोन तास समजावलं तो आठच्या आत घरी पोचून वरणभात खात होता. वहिनीने सांगितलंय मला.