आसाफाने जे लपवलं नाही

भायखळा, मुंबई

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. मैत्रिणीचा राज्यसेवेचा निकाल लागला, रविवारी उपासनेत तिच्यासाठी उपकारस्तुती झाली, सगळी मंडळी आमेन म्हणाली आणि तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही. बाहेर पेढे वाटताना ती तुझ्या गळ्यात पडली, तर तू गाडीचं निमित्त करून निघालीस. दादरच्या अभ्यासिकेत दोघी शेजारी बसलात, एकाच झेरॉक्सवर खुणा केल्यात, एका डब्यात जेवलात. ती यादीत आली, तू मुलाखतीपर्यंत जाऊन राहिलीस. आणि आता तू विचारतेस, ‘माझा विश्वासच खोटा आहे का?’

नाही, बाळ. खोटा असता तर त्या आमेनने तुझा घसा धरला नसता. तूही सहज म्हणून मोकळी झाली असतीस.

आज रात्री बायबलातलं 73वं स्तोत्र काढ आणि सावकाश वाच. ते आसाफाच्या नावावर आहे. हा आसाफ कोण? देवाच्या कराराच्या पवित्र कोशापुढे गायन करायला दावीद राजाने नेमलेल्या लेव्यांचा, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातल्या लोकांचा मुख्य. म्हणजे आजच्या भाषेत उपासनेचा पुढारीच. हा माणूस सांगतो की माझे पाय घसरता घसरता वाचले, कारण दुसऱ्यांची भरभराट पाहून मला हेवा वाटला. मी मन स्वच्छ ठेवलं ते फुकटच गेलं, असंही म्हणतो. पुढे तर देवासमोर मी पशूसारखा झालो होतो, अशी कबुली देतो. त्याला हेवा वाटला तो दुर्जनांचा आणि तुझी मैत्रीण गुणाची पोर आहे, म्हणून तुला लाज जास्त वाटते, हे मला कळतं. पण मला नेहमी नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ही कबुली कुणी झाकून ठेवली नाही, ती देवाच्या लोकांच्या भक्तिगीतांत जाऊन बसली. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती देवासमोर मोठ्याने म्हटली. तू मात्र ती उशीत तोंड खुपसून म्हणतेस.

तुला एक गोष्ट स्पष्ट सांगते. तुझं भांडण मैत्रिणीशी नाहीच. तिची जागा काढून तुला दिली तर तू घेशील का? नाही घेणार, मी तुला ओळखते. तुझी तक्रार देवाबद्दल आहे: याने तिचं ऐकलं, माझं का नाही? देवावर बोट ठेवायला भीती वाटते, म्हणून ते बोट तिच्याकडे वळलं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली ती बोधकथा, आपल्या मुंबईकरांना जितका कळावा तितका क्वचितच कुणाला कळेल. उपनगरात सकाळी नाक्यावर बघ. गवंडी, रंगारी, बिगारी, हातात थापी नाहीतर ब्रश, मुकादमाची वाट पाहत उभे असतात. आठ-साडेआठला बरेचसे गेलेले असतात. दहानंतरही जो उभा असतो त्याचा चेहरा पाहिलायस? दाखल्यातला मालक पहाटे गेला, मग साधारण नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला. पाचपर्यंत उभ्या असलेल्यांना त्याने विचारलं की दिवसभर रिकामे का उभे आहात, तर ते म्हणाले, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. संध्याकाळी सगळ्यांना एकेक दीनार मिळाला. पहाटेपासून राबलेले कुरकुरले तेव्हा मालकाने विचारलं, मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यांत सलतं का? आपण हा दाखला वाचताना स्वतःला पहाटेच्या मजुरांत धरतो आणि आपल्यावर अन्याय झाला असं वाटतं. तू जरा पाच वाजताच्या मजुराच्या जागी उभी राहून बघ. उशीर झाला तरी मालक नाक्यावर परत परत येतो आहे, हे त्याच्याइतकं कुणाला दिसणार?

आता नाजूक गोष्ट. लोक तुला म्हणतील, धीर धर, देवाची वेळ आली की तुलाही पोस्ट मिळेल. मी असं म्हणणार नाही. मिळावी म्हणून मी प्रार्थना करते, मनापासून करते, पण वचन देणारी मी कोण? योनाथान आठव. शौल राजाचा मुलगा, गादीचा वारस. दावीद पुढे आला तेव्हा बायकांनी गाणं म्हटलं, शौलाने हजार मारले, दावीदाने दहा हजार. त्या दिवसापासून शौल त्याच्याकडे डूख धरून पाहू लागला आणि पुढचं सगळं आयुष्य त्या विषात गेलं. खरं नुकसान तर योनाथानाचं होणार होतं. त्याने मात्र अंगातला झगा, चिलखत, तलवार, धनुष्य, कमरबंद काढून दावीदाला दिलं. त्याला राज्य मिळालं नाही. तो गिलबोवाच्या डोंगरावर लढाईत पडला. दावीदाला मिळालं, पण तिसाव्या वर्षी, आणि तेही आधी फक्त यहूदाचं. राजा म्हणून अभिषेक झाला तेव्हा तो मेंढरं राखणारा पोरगा होता. मधल्या काळात गुहेत शौल हाती सापडला असतानाही त्याने नुसतं झग्याचं टोक कापलं आणि तेवढ्यानेसुद्धा त्याचं मन त्याला खाऊ लागलं. देवाने कबूल केलेलं होतं, तरी ते ओरबाडून घ्यायचं नाही, याला मी वाट पाहणं म्हणते.

आपल्याच मंडळीतलं सांगायचं तर कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली याच मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली, आपल्या मनाने. मधली वर्षं दोघांनीही किती सोसलं असेल! टिळकांची भजनं गाताना मला ती वर्षं आठवतात.

मग तू काय करायचंस? आधी देवाशी भांड. दार लावून, मराठीत, आवाज काढून. शोभेल अशी प्रार्थना करू नकोस. मैत्रिणीजवळ मात्र हे ओकू नकोस. ‘मला तुझा हेवा वाटतो’ हे सांगून तुझं ओझं उतरेल, पण तिच्या आनंदावर चढेल. आसाफानेही देवाला म्हटलं आहे की हे लोकांत बोललो असतो तर तुझ्या लेकरांचा घात केला असता. एखाद्या बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाऊन बस. आपली मंडळी वेगळी असली तरी काही बिघडत नाही, तिथे सगळ्या धर्मांचे लोक 1948 पासून येताहेत. शेजारच्या बाईच्या हातातली मेणबत्ती बघ. आपण एकट्याच थांबलोय असं वाटणं तिथे टिकत नाही.

मैत्रिणीचे फोटो दिसू नयेत म्हणून तिचं स्टेटस म्यूट केलंस, ते महिनाभर राहू दे, त्यात पाप नाही. पण रोज तिचं नाव घेऊन प्रार्थना कर. पहिले काही दिवस शब्द कोरडे येतील, तरी कर. आणि तिच्यासाठी हाताने काहीतरी कर. प्रशिक्षणाला जाण्याआधी तिची कागदपत्रं, साक्षांकित प्रती, मेडिकल अशी धावपळ असेलच. एक दिवस तिच्याबरोबर जा. प्रेम हेवा करत नाही, असं पौलाने लिहिलं ते भावनेबद्दल नाही, वागण्याबद्दल लिहिलं असं मला वाटतं. मन पाठीमागून येतं.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र वळून दुसऱ्या शिष्याकडे बघतो आणि विचारतो, प्रभू, याचं काय? प्रभू म्हणतो, त्याच्याशी तुला काय करायचंय? तू माझ्यामागे ये. रागावून नाही म्हणत. नुकतंच त्याने पेत्राला तीनदा विचारून आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, सोपवलेली असतात. तुझ्याही हातात काम आहे: रविवारच्या शाळेतली ती बारा-तेरा वर्षांची मुलं तीन आठवडे दुसऱ्याच बाईंच्या स्वाधीन आहेत.

पुढच्या पूर्वपरीक्षेचा फॉर्म भरलास की कळव. महिला मंडळाच्या प्रार्थनेत तुझं नाव घ्यायचं माझ्या मनात आहे, पण तू हो म्हणेपर्यंत घेणार नाही. आणि या रविवारी उपासनेनंतर घरी जेवायला ये. बोंबलाचं कालवण करते. तिलाही बोलवू का, ते तू सांग. नको म्हणालीस तरी चालेल.

प्रभूमध्ये तुझी,
मावशी