काजूचा कारखाना हाती घेताना

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद.

येत्या हंगामापासून कारखान्याचा कारभार तुझ्याकडे येणार असल्याचे तुझ्या बाबांनी कळवले. तुमच्याकडे काम करणाऱ्या दिव्यांग कामगारांच्या बाबतीत पुढे कसे वागावे, हे मला विचारायचे असल्याचा तुझा निरोपही मिळाला. मीही याच धंद्यात आयुष्य घालवले आणि सुरुवातीपासून अशा माणसांसह काम केले, म्हणून सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी पगाराचे पुस्तक उघड. आपल्या भागातील अनेक घरगुती कारखान्यांत एखाद्या मूकबधिर किंवा गतिमंद मुलाला ओळखीपाळखीने कामावर घेतले जाते, त्याला जेवण, कपडे आणि दिवाळीला काही रक्कम मिळते आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आपण पुण्यकर्म करत असल्याचे समाधान मिळते. परंतु हजेरीपटावर त्याचे नाव नसते. तुमच्याकडे असा एकही माणूस असेल, तर त्याचे नाव नोंदवणे हे तुझे पहिले काम आहे. त्याच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते असावे, पगार त्याच खात्यात जावा आणि किमान वेतनाच्या खाली कोणाचाही हिशेब उतरू नये. सोलणीचे काम किलोवर दिले जात असल्याने मंद गतीच्या माणसाचे नुकसान होते. अशा माणसाला वजन करणे, पिशव्या भरणे, लेबल लावणे अशा रोजंदारीच्या कामावर घे, कारण तिथे वेगापेक्षा नियमितपणा मोलाचा ठरतो आणि नियमितपणात ही माणसे कोणालाही हार जात नाहीत, असा माझा अनुभव आहे.

माणूस निवडण्यापूर्वी कामाचे बारकाईने निरीक्षण कर. कटिंगच्या टेबलावर बसून पाहा: हाताने बी पात्यांमध्ये ठेवायची, पायाने पेडल दाबायचे आणि लिव्हर फिरवून कवच उघडायचे, म्हणजे या एका कामाला दोन्ही हात आणि किमान एक भक्कम पाय लागतो. पोलिओने एक पाय अधू झालेला माणूस पेडल दुसऱ्या बाजूला बसवून दिल्यास हे काम उत्तम करतो, आणि हा बदल गावातला वेल्डर करून देतो. मात्र कवचातले तेल कातडी भाजून काढते. म्हणून ज्याला धोक्याची सूचना समजणे किंवा लक्षात ठेवणे कठीण जाते, त्याला कटिंगवर बसवू नये, मग त्याचे आईवडील कितीही आग्रह करोत. प्रतवारीचेही तसेच आहे. डब्ल्यू-240 म्हणजे एका पौंडात 220 ते 240 अखंड गर, आणि डब्ल्यू-320 म्हणजे 300 ते 320. आकाराचा हा फरक, तसेच अखंड गर, पाकळी आणि तुकडा यांतला फरक अंध व्यक्तीची बोटे सरावाने अचूक ओळखतात. करपलेला किंवा डागाळलेला गर मात्र डोळ्यांनीच निवडावा लागतो, म्हणून त्या टेबलावर डोळस आणि अंध अशी जोडी बसवावी आणि दोघांच्या कामाची जबाबदारी वेगवेगळी लिहून ठेवावी. कामात चूक झाली, तर इतरांना सांगतेस तशीच त्यांनाही स्पष्ट सांग. चूक पोटात घालून गुपचूप दुसऱ्याकडून माल पुन्हा निवडून घेण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, आणि त्यात त्या माणसाचा अपमान असतो, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातच याचे मोठे उदाहरण आहे. नसीमा हुरजूक यांनी 1984 साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्या स्वतः व्हीलचेअर वापरतात, आणि त्यांच्या पुढाकाराने सिंधुदुर्गात उभ्या राहिलेल्या ‘स्वप्ननगरी’त दिव्यांग व्यक्तींनी काजूप्रक्रियेचे काम केले. म्हणजे हा धंदा या माणसांना जमेल का, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे कधीच मिळालेले आहे.

इमारतीवर थोडा खर्च करावा लागेल. उतार एक फूट उंचीला बारा फूट लांब असावा, शौचालयाचे दार बाहेर उघडणारे असावे, आणि बॉयलरच्या भोंग्यासोबत लाल दिवा लुकलुकला पाहिजे, कारण कर्णबधिर माणसाला भोंगा ऐकू येत नाही. कामाची वेळ शेवटच्या एसटीशी जुळवून घे. कुबड्या घेऊन चालणाऱ्या बाईला ओव्हरटाइमसाठी थांबवणे आणि मग तिने घरी जाण्यासाठी कोणाच्या तरी मोटारसायकलची वाट पाहणे हे चालणार नाही.

कायद्याची कागदपत्रे टाळू नकोस. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 खाली 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करून त्याची प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची असते आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांची नोंदवही ठेवायची असते. वीस किंवा अधिक कामगार असल्यास संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. ज्यांच्याकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र नाही, त्यांना सुट्टी आणि भाडे देऊन जिल्हा रुग्णालयात पाठव. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती बंधनकारक आहे, हे तुला ठाऊक असेलच. पण बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या स्त्रीच्या वतीने तिचे नातेवाईक किंवा विशेष शिक्षकही तक्रार करू शकतात, ही गोष्ट कारखान्यातल्या सर्व बायकांना समजेल अशा शब्दांत सांग आणि कर्णबधिर बायकांसाठी सांकेतिक भाषा जाणणारी व्यक्ती बोलावून घे.

आता सर्वांत अवघड भाग. एके दिवशी कोणाचे तरी म्हातारे वडील तुझ्या ऑफिसात येऊन बसतील आणि ‘आमच्या मागे याचं कसं होणार, तुम्हीच बघा’ असे म्हणतील. तुझ्या बाबांच्या मनाचा कोवळेपणा मला ठाऊक आहे; त्यांनी अशा वेळी शब्द देऊन टाकला असणे शक्य आहे. तू तसा शब्द देऊ नकोस. कारखाना एखाद्या वर्षी तोट्यात जाऊ शकतो, तुमच्या कुटुंबात वाटण्या होऊ शकतात, आणि मालकाने पालक होण्यात दोन्ही नात्यांची गल्लत होते. त्याऐवजी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याची माहिती त्यांना दे: स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमू शकते. अर्ज भरायला त्यांच्यासोबत बस, गरज पडली तर जिल्ह्याच्या मुख्यालयी, ओरोसला, त्यांच्याबरोबर जा. त्या कामगाराच्या भावंडांना बोलावून घे, कारण पालकत्व बहुधा त्यांच्याकडेच येते आणि आईवडील जिवंत असताना हे बोलणे झालेले बरे.

तुझा चुलतभाऊ पाकिटावर या कामगारांचे फोटो छापण्याचा विचार करतो आहे, असे कानावर आले. मला ते पटत नाही. माल प्रतवारीवर विकला जावा. गिऱ्हाइकाने दया म्हणून घेतलेला काजू पुढच्या वर्षी दुसरीकडून घेतला जातो, आणि फोटोतल्या मुलीला बाजारात लोक थांबवून प्रश्न विचारतात. फोटो छापायचाच असेल, तर सर्व कामगारांचा छापावा आणि प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी.

फेब्रुवारीअखेर बी यायला सुरुवात होईल, त्याआधी हजेरीपट, खाती आणि उताराचे काम पुरे कर. मार्चमध्ये मी दोन दिवस येईन. कटिंगची टेबले आपण दोघी मिळून पाहू.

तुझी,
काकी