कपाशीवर फवारताना तोंडाला रुमाल बांधला, की पुरे का?

तुम्ही विचारलं आहे की वडील कपाशीवर फवारणी करतात, तोंडाला रुमाल बांधतात, तरी संध्याकाळी डोकं दुखतं, मळमळतं. हे कशाने होतं, आणि एवढ्या औषधाने शेताचं काय होतं?

आधी रुमालाचं. फवारणाऱ्याच्या अंगात विष जातं ते बहुतेक कातडीतून. रुमाल थोड्याच वेळात ओला होतो आणि तेच ओलं फडकं दिवसभर नाकातोंडाला चिकटून राहतं. त्याहून जास्त औषध पाठीवर असतं. टाकीचं झाकण सैल असलं किंवा वायसर झिजला असला की वाकताना पाणी पाठीवरून कमरेत उतरतं. मांड्या आणि जांघ ओली होणं सगळ्यात वाईट, कारण जांघेतली कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी पट औषध शोषते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला आली होती, फवारा तोंडासमोर उडत होता आणि दोन-तीन औषधं एकाच टाकीत मिसळली जात होती.

पंप कोणता आहे तेही बघा. साध्या पंपासाठी १० लिटर पाण्याला २० मिलि सांगितलं असेल, तर पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाला तिप्पट मात्रा धरतात, कारण त्याला एकरी पाणी कमी लागतं. म्हणजे अंगावर पडणारा प्रत्येक थेंब तिप्पट कडक, शिवाय इतका बारीक की तो हवेत तरंगत राहतो.

सगळ्यात धोक्याची वेळ मात्र फवारणीची नाही, औषध कालवण्याची. १० लिटरला २० मिलि म्हणजे औषध पाचशे पट पातळ होतं. तेव्हा डब्यातलं ५ मिलि औषध हातावर सांडलं, तर अडीच लिटर फवारा अंगावर ओतून घेतल्यासारखं झालं. हे काम पुष्कळ घरांत पाणी वाहून आणणाऱ्या बायका करतात आणि हातमोजे त्यांना कुणी देत नाही. नायट्राइल रबराचे मोजे घ्या. कापडी किंवा चामड्याचे नकोत, ते औषध पिऊन धरतात. मापाला झाकण वापरू नका, ढवळायला लांब काठी घ्या.

सप्टेंबरच्या उकाड्यात पूर्ण सूट घालून कुणी राबत नाही, हे मला मान्य आहे. निदान पाठीला जाड प्लास्टिक, कमरेपासून गुडघ्याखालीपर्यंत प्लास्टिकचा एप्रन, डोळ्यांना गॉगल आणि गमबूट एवढं हवंच. पँट बुटाच्या बाहेर, नाहीतर ओघळ बुटात साठतो. वारा पाठीशी किंवा बाजूने घ्यायचा, नुकत्याच फवारलेल्या ओल्या ओळीत परत शिरायचं नाही. नोझल तुंबलं तर जुना टूथब्रश वापरा, तोंडाने फुंकू नका. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी! न धुतलेल्या हाताने चिमूट तोंडात टाकली की बाकी सगळी काळजी वाया.

डोकेदुखी आणि मळमळ ‘ऊन लागलं’ म्हणून सोडून देतात, इथेच जीव जातो. ऊन लागलं की तोंड कोरडं पडतं. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या औषधाची (मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस वगैरे) बाधा झाली की तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येतं, घाम फुटतो, पोटात कळ येऊन जुलाब होतात, स्नायू फडफडतात आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. अशा वेळी माणसाला शेतातून बाहेर काढा, सगळे कपडे उतरवा, साबण आणि भरपूर पाण्याने केसांसकट अंग धुवा. धुणाऱ्यानेही मोजे घालावेत. ओकारी काढायला लावू नका. या औषधांतलं तेल फुप्फुसात गेलं तर दुसरंच संकट उभं राहतं. १०८ ला फोन करा आणि टाकीत जे जे घातलं त्या सगळ्यांचे डबे किंवा लेबलं सोबत न्या. अॅट्रोपिन हा उतारा ऑरगॅनोफॉस्फेटवर लागू पडतो. डायफेन्थियुरॉन या दुसऱ्या कीटकनाशकावर मात्र उतारा नाही, तिथे लक्षणं बघूनच उपचार करावे लागतात. म्हणून मिश्रणात काय होतं हे डॉक्टरांना कळायलाच हवं. बरं वाटलं म्हणून दवाखान्यातून लवकर निघू नका. १ ते ४ दिवसांत मान उचलता न येणं आणि धाप लागणं सुरू होऊ शकतं.

वडिलांना हे दर फवारणीला होत असेल, तर अंगातलं कोलिनेस्टरेज (नसांचं काम नीट चालू ठेवणारं, या विषाने बंद पडणारं द्रव्य) आधीच उतरलेलं असू शकतं. रक्ताची तपासणी होते, ती करून घ्या. तोपर्यंत पंप त्यांच्या पाठीवर देऊ नका.

शेताचं म्हणाल तर पहिला फटका मित्रकिडींना, म्हणजे पिकावरच्या किडी खाणाऱ्या किड्यांना बसतो. सुरुवातीच्या दोन महिन्यांत कडक औषध मारलं की क्रायसोपा, लेडीबर्ड, कोळी मरतात आणि पुढे पांढरी माशी उसळते. मग तिच्यासाठी आणखी फवारणी. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं औषध नाल्यात उतरलं की मासे मरतात, निओनिकोटिनॉइड गटातलं फुलांतून मधमाश्यांपर्यंत पोचतं. मोनोक्रोटोफॉस फवारलेले टोळ खाऊन अर्जेंटिनात १९९५-९६ मध्ये हजारो शिकारी पक्षी मेले होते.

आणि ज्या गुलाबी बोंडअळीसाठी हे सगळं चालतं, ती बोंडात शिरल्यावर फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. हे मला सगळ्यात खटकतं. म्हणून एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले, किंवा १० टक्के फुलांची डोमकळी झाली (अळीने पाकळ्या गुंफून फूल मिटलेलं ठेवलं), तरच औषध काढा. डोमकळ्या दिसतील तशा तोडून नष्ट करा. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क चालतो. डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही उभी ठेवलेली कपाशी, ठेवू नका, अळीचं पुढच्या हंगामाचं बेणं तिथेच टिकतं.

टाकीत उरलेलं औषध नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, पाण्याने पातळ करून त्याच शेतात फवारून संपवा. डबा तीनदा विसळून ते पाणी टाकीतच घ्या, मग डब्याला भोकं पाडा, म्हणजे पुढे त्यात कुणी पाणी किंवा तेल भरणार नाही. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका, वेगळे धुवा. धुणाऱ्या बाईच्या हातातही मोजे हवेत.