अमेरिकेत क्रिमिनल जस्टिस शिकून पोलिसात जाता येतं का? कोकणातल्या मुलीने हा कोर्स करावा का?

प्रश्नात तू लिहिलंयस की दापोलीला सायकॉलॉजीत बीए चालू आहे, पुढे क्रिमिनल जस्टिसमध्ये मास्टर्स करायला अमेरिकेला जायचंय आणि बाबा म्हणतायत खाकीच घालायची तर एवढे पैसे ओतून तिकडे कशाला. (तुला तू म्हणतेय, राग मानू नकोस, वयाने बरीच मोठी आहे.) मी श्रीवर्धनची, न्यूयॉर्कला हेच शिकून परत आले आणि आता इकडे कच्च्या कैद्यांच्या जामिनाचं काम बघते.

बाबांचं अर्धं बरोबर आहे. खाकीसाठी ही डिग्री लागतच नाही. एमपीएससीतून पीएसआय व्हायला कुठल्याही शाखेची पदवी चालते, यूपीएससीतून आयपीएसलाही तेच, आणि मैदानी चाचणीला न्यूयॉर्कचं सर्टिफिकेट दाखवून भागत नाही, तिथे पळावंच लागतं. तिकडच्या पोलिसात जायचं म्हणशील तर एफबीआयला अमेरिकन नागरिकत्व लागतं, न्यूयॉर्क पोलिसांनाही लागतं, म्हणजे स्टुडंट व्हिसावर विषयच संपला. ब्रिटनमध्ये कॉमनवेल्थवाले म्हणून आपल्याला अर्ज करता येतो खरा, पण तिथे राहण्यावर कसलीच मुदत किंवा अट नसावी लागते, त्यामुळे स्टुडंट व्हिसावाले त्यातही बसत नाहीत. हे एजंट लोक सांगत नाहीत बरं का. हॉटेलात सेमिनार भरवून 'मुलगी डिटेक्टिव्ह होऊन येईल' असं आईबापांना सांगणारा एक मी स्वतः ऐकलाय, वर चहा-बटाटावडा फुकट.

मग शिकवतात काय? तपास कसा करायचा ते फारसं नाही. गुन्हा का घडतो, पोलीस, कोर्ट आणि तुरुंग एकमेकांत कसे अडकलेले असतात, आणि आकडेवारी, भरपूर आकडेवारी. सायकॉलॉजीला स्टॅट्स नीट केलं असशील तर निम्मी लढाई तिथेच जिंकलीस. सुरुवातीलाच कोहेन आणि फेल्सन या दोघांची १९७९ ची थिअरी येते, की गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी याव्या लागतात: करायला टपलेला माणूस, सोपं सावज आणि राखणीला कोणी नसणं. वर्गात सगळे घरफोडी, गाडीचोरी असली उदाहरणं देत होते, मी आमची श्रीवर्धनजवळची शेखाडी दिली. १९९३ च्या सुरुवातीला दिघी-शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले. इथे राखणीला कोणी नव्हतं असं नाही ना, कस्टम होतं, पोलीस होते, आणि पुढे कोर्टात त्यांच्यातलेच काहीजण दोषी ठरले. म्हणजे राखणदारच फुटला तर ही थिअरी काय म्हणते? सरांनी त्यावरच टर्म पेपर लिहायला लावला. सांगायचा मुद्दा, भारताबद्दल तिकडे आपणहून कोणी शिकवत नाही, सिलॅबस सगळा अमेरिकेचा, आपलं सामान आपणच घेऊन जायचं.

मला खरं शिकायला मिळालं ते कोर्टात बसून. मॅनहॅटनला १०० सेंटर स्ट्रीटवर क्रिमिनल कोर्ट आहे, रात्रीही चालतं, पार एक वाजेपर्यंत, आणि कोणीही आत जाऊन मागच्या बाकावर बसू शकतं. अटक झालेल्या माणसाला साधारण २४ तासांत तिथे जजसमोर आणतात. नाव पुकारतात, सरकारी वकील दोन वाक्यं बोलतो, फुकट मिळालेला बचावाचा वकील, ज्याने अशिलाचं तोंड नुकतंच पहिल्यांदा पाहिलेलं असतं, तो चार वाक्यं बोलतो, सोडायचं की आत ठेवायचं ते ठरतं, पुढचा. काही मिनिटांचा खेळ. आणि टीव्हीवरची ती ज्युरी विसर, तिकडे दोषी ठरणाऱ्यांत नव्वद टक्क्यांच्या वर लोक खटला न चालवताच सौदा करून गुन्हा कबूल करतात. प्ली बार्गेनिंग आपल्याकडेही २००६ पासून आहे, वापरतं कोण. आपलं दुखणं उलटं, एनसीआरबीच्या (गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारं केंद्र सरकारचं खातं) २०२२ च्या आकड्यांत तुरुंगातल्या दर १०० माणसांत जवळपास ७६ कच्चे कैदी. आता बीएनएसएसच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ४७९ मध्ये पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडायची सोय आहे (सगळ्या गुन्ह्यांना नाही, जन्मठेप-फाशीवाले त्यात येत नाहीत), पण कोणाचा तो काळ भरला याचा हिशेब कोणीतरी ठेवावा लागतो, ते मी करते. त्याला पगार बेताचाच, हेही ऐकून ठेव, कारण एज्युकेशन लोनचा हप्ता डॉलरच्या खर्चावर बेतलेला असतो आणि भरायचा रुपयांत.

परदेशी विद्यार्थी म्हणून अजून एक कटकट इंटर्नशिपची. सरकारी ऑफिसं नागरिकत्व नाहीतर बॅकग्राउंड चेक मागतात, वर्गातल्या अमेरिकन पोरी डीएच्या, म्हणजे तिकडच्या सरकारी वकिलाच्या ऑफिसात गेल्या, मला स्वयंसेवी संस्था मिळाली, आणि खरं सांगायचं तर तेच बरं झालं. कॅम्पसवर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. आणि पोरखेळातली अटकसुद्धा व्हिसावर येते, तेव्हा पार्टीबिर्टीत जपून.

तुझ्या जागी मी असते तर आधी स्वतःला विचारलं असतं, वर्दी हवीय की विषय हवाय. वर्दी हवी असेल तर दापोलीतच राहून एमपीएससीला बस. विषय हवा असेल तर टिसला (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) क्रिमिनॉलॉजीचं, म्हणजे गुन्हेशास्त्राचं एमए आहे, मुंबईतच, खर्च त्या मानाने काहीच नाही, तिथे प्रयत्न करून मग परदेशाचं बघ. लॅबची आवड असेल, म्हणजे तू आर्ट्सची असल्याने जरा अवघड, पण धाकट्या भावंडांना सांग, राष्ट्रीय फॉरेन्सिक विद्यापीठाचा कॅम्पस आता गोव्यात आहे, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने घटनास्थळी जायचंच आहे, राज्यांना तयारीला पाच वर्षं दिलीयत, म्हणजे माणसं लागणार.

आणि एवढं करून अमेरिकाच पक्की असेल तर कोर्सच्या नावावर जाऊ नकोस. साध्या क्रिमिनल जस्टिसला शिक्षणानंतर ओपीटी, म्हणजे आपल्याच विषयात तिकडे काम करायची परवानगी, १२ महिने, त्यातही ९० दिवसांच्या वर बेकार राहिलीस तर व्हिसा स्टेटस अडचणीत. फॉरेन्सिक सायन्स आणि सायबर फॉरेन्सिक्स स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) धरतात, तिथे आणखी २४ महिने मिळू शकतात. हे सगळं सीआयपी कोडवर, म्हणजे कोर्सच्या विषयाला दिलेल्या नंबरावर ठरतं, तो आय-२० वर (प्रवेश मिळाल्यावर व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो कागद) छापलेला असतो, पण तोवर थांबू नकोस, अर्जाची फी भरायच्या आधीच युनिव्हर्सिटीला मेल टाकून विचार.