मालिकेतली निवडणूक आणि खरी निवडणूक

प्रश्न : बराक ओबामांचा विजय एका अमेरिकन मालिकेने दोन वर्षे आधीच दाखवला होता, असे आमच्या घरातली तरुण मंडळी सांगतात. हा योगायोग मानावा का? आपल्या निवडणुकांशी अशा मालिकांचे कितपत साम्य असते?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ही मालिका म्हणजे ‘द वेस्ट विंग’, आणि त्या साम्यात योगायोगाचा वाटा थोडाच आहे. २००४ च्या जुलैमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात ओबामांनी केलेले भाषण गाजल्यावर, पूर्वी अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांची भाषणे लिहिणारे आणि तेव्हा या मालिकेचे लेखक असलेले एली ॲटी यांनी ओबामांचे सल्लागार डेव्हिड ॲक्सेलरॉड यांना फोन करून या तरुण नेत्याविषयी बारकाईने विचारपूस केली, आणि त्यातून मॅट सँटोस हे अल्पसंख्य समाजातून आलेल्या उमेदवाराचे पात्र आकाराला आले. मालिकेला भविष्य कळले नव्हते. लेखकाने चालू राजकारण नीट पाहिले होते, आणि मला हेच अधिक मोलाचे वाटते.

पुढच्या काही गोष्टी मात्र खरोखरच जुळून आल्या. मालिकेत आणि प्रत्यक्षातही समोरचा रिपब्लिकन उमेदवार हा ज्येष्ठ सिनेटर होता. ऐन प्रचारात मालिकेत अणुवीज केंद्रात अपघात होतो आणि त्याची झळ या रिपब्लिकन उमेदवाराला बसते. २००८ च्या सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन गुंतवणूक बँक बुडाली, तेव्हा आर्थिक संकटाची झळ ओबामांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉन मॅककेन यांना बसली. निकालात साम्य उरले नाही. सँटोस अगदी निसटत्या फरकाने जिंकतो. ओबामांना राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या ५३८ निर्वाचकांपैकी ३६५ जणांची मते मिळाली.

युक्रेनमध्ये याच्या उलट घडले. २०१५ पासून दाखवल्या गेलेल्या ‘सर्व्हंट ऑफ द पीपल’मध्ये व्होलोदिमिर झेलेन्स्की यांनी अचानक राष्ट्राध्यक्ष होणाऱ्या शिक्षकाची भूमिका केली, मालिकेचेच नाव त्यांच्या पक्षाला दिले गेले, आणि एप्रिल २०१९ मध्ये दुसऱ्या फेरीत सुमारे ७३ टक्के मते घेऊन ते खरेच राष्ट्राध्यक्ष झाले. मतदानाच्या पहिल्या फेरीच्या आठवड्यातच मालिकेचा नवा हंगाम सुरू झाला होता. पात्राचा प्रामाणिकपणा आणि उमेदवाराची पात्रता या दोन गोष्टी मतदाराने वेगवेगळ्या तपासाव्यात, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते, कारण पात्राला कोणी अडचणीचा प्रश्न विचारायचा की नाही हे लेखकच ठरवतो.

आता आपल्याकडे वळू. पडद्यावरची निवडणूक बहुधा दोन चेहऱ्यांची लढत असते, कारण कथेला तुल्यबळ प्रतिस्पर्धी लागतो. इंदूरमध्ये २९ एप्रिल २०२४ रोजी, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसच्या उमेदवाराने लोकसभेच्या रिंगणातून माघार घेतली; पक्षाने ‘नोटा’चे आवाहन केले, आणि २,१८,६७४ मते ‘नोटा’ला पडली. विजयी उमेदवाराखालोखाल सर्वाधिक मते तीच होती. प्रतिस्पर्धीच नसलेली अशी कथा कोणत्याही निर्मात्याने परत पाठवली असती.

शिवाय आपण खासदार निवडतो, आणि पंतप्रधान कोण होणार हे लोकसभेतल्या बहुमतावर ठरते. त्यामुळे आपल्या व्यवस्थेच्या जवळची मालिका पाहायची असेल, तर मी २०१० मध्ये सुरू झालेली डॅनिश ‘बोर्गेन’ सुचवीन. १७९ जागांच्या तिथल्या संसदेत कोणत्याही एका पक्षाला बहुमत मिळत नाही, आणि म्हणून तिथे खरे नाट्य मतमोजणी संपल्यानंतर, मित्रपक्षांशी चालणाऱ्या वाटाघाटींत सुरू होते.