माशाला दुखतं का?

प्रश्न : ताई, आम्ही भिगवणच्या बाजारातून जिवंत मरळ आणतो. घरी ती राखेत घोळून जिवंतपणीच खवले काढतात. माझी आठ वर्षांची मुलगी ते पाहून रडते. सासूबाई म्हणतात, माशाला दुखत नसतं. खरं काय?
– एक वाचक, इंदापूर

उत्तर : मुलीला गप्प करू नका. तिला दिसलं ते खरं आहे.

मासा तडफडतो ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया, असं मीही प्राणिशास्त्राच्या तासाला वर्षानुवर्षं सांगत आले. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांचा स्कॉटलंडमधला प्रयोग वाचला आणि ते सांगणं बंद केलं. त्यांनी ट्राउट माशांच्या ओठात अ‍ॅसेटिक आम्ल टोचलं. मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले, जागच्या जागी डुलू लागले. नुसतं मिठाचं पाणी टोचलेले मासे साधारण ८० मिनिटांत खायला आले, यांना तीन तास लागले. मॉर्फिन दिल्यावर घासणं, डुलणं कमी झालं. प्रतिक्षिप्त क्रिया तीन तास भूक मारत नाही.

माणसाच्या मेंदूवरची घड्यांची साल माशाला नाही, म्हणून त्याला वेदना जाणवूच शकत नाही, असं ब्रायन की यांच्यासारखे शास्त्रज्ञ म्हणतात. मला ते पटत नाही. तशी साल कोंबडीलाही नसते, पण पाय मोडलेली कोंबडी कळवळते हे आपण सगळेच मानतो.

त्यात मरळीचे हाल जास्त. ती हवेतला प्राणवायू घेते, त्यामुळे पाण्याबाहेरही तासन् तास जिवंत राहते. आमच्या मोरीत मी पाहिलंय : एका कुशीचे खवले निघालेले, आणि सुरी टेकली की शेपटी वळून थेट आईच्या मनगटावर यायची. ते मी विसरलेले नाही.

तेव्हा मरळ बाजारातच मारून घ्या. डोळ्यांच्या थोडं मागे, डोक्यावर दांडक्याचा एकच जोरदार घाव, आणि लगेच कल्ल्यांपाशी चिरून रक्त काढायचं. बर्फात टाकून मारू नका, जीव जायला फार वेळ लागतो. सासूबाईंना हेही सांगा, की तडफडून मेलेल्या माशाचं मांस लवकर ताठरतं आणि लवकर उतरतं. जपानात चांगला मासा मेंदूत टोचा घालून क्षणात मारतात, तो याचसाठी.

घरीच करावं लागलं तर घावानंतर कल्ल्यांची झाकणं बघा. ती हलत असतील तर दुसरा घाव घाला, खवल्यांना हात त्यानंतर.